नावेची नावे : कोरडवाहू मुलखातील मुलांसाठी नौकानयनाचा पहिला पाठ

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही, बारमाही नावा चालाव्यात असे नदीपात्रही नाही. आमच्या निवासी शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांनी पाणी पाहिलेले असते ते विहिरीच्या तळाशी, टँकरच्या नळाला, एकबुर्जी किंवा अडाण प्रकल्पाच्या भिंतीवरून, नाहीतर पावसाळ्यात ओढ्याला आलेल्या लोंढ्यात. अशा मुलखातील शाळेच्या स्मरणिकेत नौकानयनाच्या शब्दांचा पाठ कशासाठी, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग पाठाकडे वळतो.

पहिले उत्तर नकाशात आहे. आपले पठार हा पाणलोटाचा माथा आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. अरुणावती, अडाण आणि पूस यांचे पाणी मात्र पैनगंगेत उतरते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचते. एकाच पठारावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. देशातील १११ जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित करणारा कायदा २०१६ साली अमलात आला. त्या यादीत पैनगंगा–वर्धा नदीप्रणालीचेही नाव आहे. घोषणा झाली म्हणून उद्या आपल्या घाटावर नाव लागेल असे नव्हे. परंतु नौकानयन ही केवळ कोकणची बाब आहे, हा समज मात्र सोडायला हरकत नाही.

दुसरे उत्तर आपल्या भाषेत आहे. मुलगा परीक्षेत ‘उत्तीर्ण’ झाला असे आपण म्हणतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाणी तरून पलीकडे गेलेला. एखादी मुलगी गणितात ‘पारंगत’ होते, म्हणजे पैलतीरी पोहोचते. ‘निष्णात’ म्हणजे पाण्यात पुरता उतरून नाहलेला. संघाचा ‘कर्णधार’ म्हणजे सुकाणू धरणारा, कारण कर्ण या शब्दाचा एक अर्थ सुकाणू असाही आहे. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या कमरेला सुके भोपळे बांधत, त्या तरंगत्या जोडणीला ‘सांगड’ म्हणत. आज आपण शिक्षण आणि व्यवहार यांची सांगड घालतो, तेव्हा तेच भोपळे आठवायला हवेत. ज्या शाळेचे सगळे प्रशस्तिपत्र पाण्याच्या शब्दांत लिहिले जाते, त्या शाळेला पाणी परके कसे म्हणता येईल?

तिसरे उत्तर इतिहासात आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे नाव अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील शिलालेखात आहे. त्याच अजिंठ्याच्या २ ऱ्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. त्यात उंच नाळ दिसते, तीन डोलकाठ्या दिसतात, त्यांवर उभट शिडे, मागील बाजूस सुकाणूचे वल्हे आणि नावेत मांडलेले रांजण दिसतात. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याच्या कथेतील हे जहाज आहे. शालेय सहलीत आमची मुले या चित्रासमोरून पुष्कळदा पुढे सरकतात, कारण त्यात काय पाहायचे हे सांगणारे शब्द त्यांच्याजवळ नसतात. ज्याला डोलकाठी हा शब्द ठाऊक आहे तो तीन डोलकाठ्या मोजतो. ज्याला ठाऊक नाही त्याला नुसत्या रेघा दिसतात. म्हणून हा पाठ.

नावेचे अवयव

प्रारंभ नावेच्या अंगापासून करावा. पुढच्या टोकाला ‘नाळ’ म्हणतात. पाणी कापण्याचे काम तिचे. मागचे टोक ती ‘पिछाडी’. तळातून लांबीने जाणारा भक्कम लाकडी तुळईसारखा भाग म्हणजे नावेचा ‘कणा’. त्याला दोन्ही बाजूंनी फासळ्या जोडतात आणि फासळ्यांवर फळ्या बसवतात. माणसाच्या शरीराशी हे साम्य मुलांना चटकन पटते. बसण्यासाठी जी आडवी फळी असते ती केवळ बाक नव्हे. ती दोन्ही कुशींना ताण देऊन नावेचा आकार राखते. म्हणून ती जागा अडते या सबबीखाली काढू नये.

‘वल्हे’ हे हाताचे साधन. त्याचा रुंद भाग म्हणजे पाते, धरण्याचा भाग म्हणजे मूठ. नावेच्या काठावरील कड्यात किंवा खोबणीत टेकवून ओढले तर वल्हे तरफेसारखे काम करते. विज्ञानाच्या पुस्तकातील तरफेचा धडा येथे प्रत्यक्ष दिसतो. ‘सुकाणू’ पिछाडीला असते. सुकाणूच्या दांड्याबाबत नवशिक्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते आणि दांडा उजवीकडे लोटला की डावीकडे. शिवाय नाव चालत असेल तेव्हाच सुकाणूला जोर असतो. थांबलेल्या नावेत ते कितीही फिरवले तरी उपयोग नाही.

‘डोलकाठी’ उभी, तिच्यावर आडवे किंवा तिरपे बांधलेले लाकूड ते ‘परबाण’ आणि परबाणावर ताणलेले कापड ते ‘शीड’. एका बाजूला तोल सांभाळण्यासाठी अंतरावर बांधलेला तरंगता ओंडका म्हणजे ‘उलांडी’. कोकणातील लहान होड्यांना ती असते. माणसांचीही नावे आहेत. नावेचा प्रमुख ‘तांडेल’, नावेचा धनी ‘नाखवा’ आणि काम करणारे ‘खलाशी’. तराफा, डोंगा, होडी, मचवा, पडाव, गलबत ही नावांची चढती भाजणी मुलांनी आकार ध्यानात घेऊन पाठ करावी.

बाजू : माणसाची आणि नावेची

नवशिक्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे डावे-उजवे. दोन माणसे समोरासमोर बसली की एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे होते. नावेत माणसे चारी दिशांना तोंडे करून बसतात, म्हणून ‘उजवीकडे’ अशी हाक दिली की निम्मी माणसे चुकीकडे वळण्याचा संभव. यावर जगभरच्या खलाशांनी उपाय काढला. नाळेकडे तोंड करून उभे राहिल्यावर जी डावी बाजू, तिला पोर्ट म्हणावे आणि जी उजवी, तिला स्टारबोर्ड. माणूस कोठेही वळो, या बाजू बदलत नाहीत. त्या नावेच्या आहेत, माणसाच्या नाहीत. जुन्या युरोपी जहाजांत सुकाणूचे वल्हे उजव्या कुशीला असे, त्यावरून स्टारबोर्ड हा शब्द आला. वल्ह्याला इजा होऊ नये म्हणून धक्क्याला डावी कूस लावत, म्हणून ती पोर्ट, म्हणजे बंदराची बाजू.

रात्री पोर्टच्या बाजूला लाल दिवा असतो आणि स्टारबोर्डच्या बाजूला हिरवा. उजव्या अंगाला हिरवे रान, डाव्या अंगाला लाल मिरचीचे वाळवण, असे मुलांनी चित्र मनात धरावे. याचा उपयोग असा : दोन यांत्रिक नावांचे मार्ग एकमेकांना छेदत असताना आपल्या उजव्या अंगाला दुसरीचा लाल दिवा दिसला, तर वाट देण्याची जबाबदारी आपली. रस्त्यावरील सिग्नलचा अर्थ ज्याला कळतो त्याला हेही कळते.

वारा, प्रवाह आणि भरती

वाऱ्याचे नाव तो जिथून येतो त्यावरून ठेवतात. प्रवाहाचे नाव तो जिकडे जातो त्यावरून. पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो, परंतु पश्चिमेचा प्रवाह पश्चिमेकडे जातो. हा फरक न कळता नोंदवही वाचली तर दिशा नेमकी उलटी होते.

शिडाच्या नावेला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला अशी नागमोडी वाट काढावी लागते. समोरून वारा आला म्हणून कोणी परत फिरत नाही. तिरपे जाऊन तेवढेच अंतर अधिक वेळात कापतात. नदी ओलांडतानाही असेच. नाळ सरळ पैलतीरावर रोखली तर प्रवाह नाव खाली ओढून नेतो. म्हणून ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोडी तिरपी धरावी लागते.

भरती-ओहोटी आपल्या मुलांनी पाहिलेली नसते. तिचे वेळापत्रक मात्र त्यांना अनोळखी नाही. पाणी साधारण सहा तास बारा मिनिटे चढते आणि तेवढेच उतरते. चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या होतात. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र येते आणि पाणी सर्वाधिक चढते. त्याला ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्याला ‘भांग’ म्हणतात. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हे उपोसथाचे दिवस आमची मुले दिनदर्शिकेवर आधीच शोधून ठेवतात. त्याच खुणांवरून उद्या समुद्राचे पाणी कसे असेल हेही सांगता येते, असे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे कुतूहल येते ते शिक्षकाने वाया घालवू नये.

मापे, गाठी आणि नांगर

खोली मोजण्याचे जुने माप ‘वाव’. दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर ते एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. आपल्याकडे विहिरीची खोली पुरुषांत किंवा परसांत सांगत; वाव हे त्याच घराण्यातले माप. अंतरासाठी सागरी मैल वापरतात. तो १,८५२ मीटरचा. ताशी एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारत, टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडत आणि २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. जितक्या गाठी तितका वेग. हा प्रयोग मैदानात धावणाऱ्या मुलाच्या कमरेला दोरी बांधूनही करता येतो आणि गुणोत्तराचे गणित आपोआप समजते.

गाठी दोन जातींच्या : ओढली असता घट्ट होऊन न सुटणारी ‘निरगाठ’ आणि एका टोकाला हिसका देताच सुटणारी ‘सुरगाठ’. नाव बांधताना ताणाखाली टिकेल आणि घाईच्या वेळी सुटेल अशी गाठ हवी. बैल दावणीला बांधणाऱ्या घरातील मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

‘नांगर’ हा शब्द ऐकून आमची मुले हमखास हसतात, कारण त्यांच्या घरचा नांगर जमीन उलथतो. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दातून आला, शेतीचा संस्कृत ‘लांगल’ या शब्दातून. मराठीत येऊन दोघांचे नाव एक झाले. कामही बरेचसे सारखे आहे : दोघांचा फाळ मातीत रुततो. फरक एवढाच की शेतीचा नांगर चालण्यासाठी रुततो आणि नावेचा थांबण्यासाठी. पाणी जितके खोल, त्याच्या पाच ते सात पट दोर सोडावा, म्हणजे ओढ आडवी पडते आणि फाळ रुतून राहतो. दोर आखूड सोडला तर नांगर उचलला जातो. प्रवाहात नांगर नाळेकडून टाकावा. पिछाडीकडून टाकला तर पाणी मागून आत शिरून नाव बुडण्याची भीती असते.

हाक आणि प्रतिहाक

नावेत दिलेली आज्ञा ऐकणाऱ्याने मोठ्याने परत उच्चारावी, हा खलाशांचा जुना शिरस्ता आहे. ‘वल्ही थांबवा’ अशी हाक आली की ‘वल्ही थांबवली’ असे उत्तर जावे. वारा आणि पाणी यांच्या आवाजात आज्ञा पोहोचली की नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

नेमक्या शब्दावर नाव कशी तरते याची एक कथा सुप्पारक जातकात आहे. भरुकच्छ बंदरात एक निष्णात नियामक, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा होता. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली. तरीही व्यापाऱ्यांनी त्यालाच आपल्या जहाजावर नेले. वादळात वाट हरवल्यावर खलाशी पाण्याचा रंग कसा आहे, लाटा कशा आहेत, मासे कसे आहेत हे सांगत गेले आणि त्या वर्णनावरून आपण कोणत्या समुद्रात आलो हे तो आंधळा नियामक ओळखत गेला. ही कथा आम्ही मुलांना वारंवार सांगतो. डोळे खलाशांचे होते आणि ज्ञान नियामकाचे. त्या दोहोंना जोडणारा दोर शब्दांचा होता. खलाशांनी नुसते ‘काहीतरी विचित्र दिसते आहे’ असे म्हटले असते, तर ज्ञान असूनही जहाज वाचले नसते.

हीच गोष्ट पुराच्या दिवशी खरी ठरते. बचावाची बोट दाराशी येते तेव्हा बसणाऱ्यांना चार गोष्टी कळाव्या लागतात : लाइफ जॅकेटचे बंद बांधूनच पाय उचलायचा, पाय बोटीच्या मध्यभागी ठेवायचा, लगेच खाली बसायचे आणि सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचे नाही. नाव उलटलीच तर ती सोडून पोहत सुटू नये, तिलाच धरून राहावे. उलटी नावही तरंगते. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी घेण्याआधी काठावरून काठी किंवा दोर पुढे करावा. ज्या घरातील एका मुलाला हे शब्द आणि त्यांचा अर्थ ठाऊक आहे, त्या घरातील आजी बोटीत बसताना कमी घाबरते.

दुष्काळी गावातून पाण्यावर

कोरड्या गावच्या मुलाला हे जमेल का, अशी शंका असेल तर दत्तू भोकनळ यांचे उदाहरण पुरे आहे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव, पाण्याच्या टंचाईसाठी ओळखले जाणारे. २०१२ साली ते सैन्यात दाखल झाले आणि त्यानंतरच रोइंग शिकले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि तेरावे स्थान मिळवले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या शर्यतीच्या बोटीत चार खेळाडू आणि आठ वल्ही असतात. खेळाडू जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतात, म्हणून पोर्टची बाजू त्यांच्या उजव्या हाताला येते. बाजूंचा जो पाठ वर दिला आहे, तो वयात आल्यावर शिकूनही मनुष्य आशियात पहिला येऊ शकतो.

आमच्या समाजाला या पाठाचे आणखी एक मोल आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याला हात लावला, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे की नाही हा होता. त्याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून देशाच्या जलनीतीला आकार दिला. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. आयोगाच्या नावातच नौकानयन आहे, हे ध्यानात घ्यावे. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी धरणाचे पाणी सिंचनाला, विजेला आणि जलवाहतुकीलाही लावावे असा बहुउद्देशी विचार मांडला. ज्यांना ओंजळभर पाणी नाकारले गेले त्यांच्यातील एका माणसाने देशाच्या नद्यांवर नावा चालाव्यात असा विचार केला. त्या विचाराचे वारस असलेल्या मुलांना नाळ आणि पिछाडी यांतला भेद माहीत नसावा, हे आम्हाला बरे वाटत नाही.

अभ्यास कसा करावा

शब्दांची यादी घोकून हा पाठ पुरा होत नाही. बुद्धांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, डोक्यावर घेऊन मिरवण्यासाठी नव्हे. शब्दांचेही तसेच. मैदानावर चुन्याने नावेची आकृती आखावी. नाळ, पिछाडी, पोर्ट, स्टारबोर्ड या जागी मुले उभी करावीत. एकाने तांडेल व्हावे, हाका द्याव्यात आणि बाकीच्यांनी प्रतिहाक देत जागा घ्याव्यात. तोंडे चारी दिशांना वळवूनही कोणी चुकीच्या बाजूला गेले नाही, की पहिला पाठ झाला. दोरी, सुतळी आणि बाभळीची काठी एवढ्या साहित्यात गाठी आणि वाव शिकता येतात. पाण्यावरचा सराव मात्र लाइफ जॅकेट आणि जाणता प्रशिक्षक यांच्याशिवाय करू नये. धरणाच्या काठी मुलांना एकटे सोडण्याचा हा परवाना नव्हे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे बंदरात, नौदलात, व्यापारी जहाजांवर किंवा सैन्यात आहेत, त्यांनी सुट्टीत येताना एक दोर आणि दोन गाठी घेऊन यावे, अशी आमची विनंती आहे. मराठीत ‘नाव’ या एकाच शब्दाने नौकाही दाखवली जाते आणि माणसाचे नामही. मुलाने नाव काढावे ही प्रत्येक पालकाची इच्छा असते. त्याला नाव हाकताही यावी, एवढीच भर आम्ही त्या इच्छेत घालत आहोत.